दार उघडं ठेवणारे कुलगुरू : डॉ. झाकीर हुसेन

डॉ. झाकीर हुसेन हे नाव आपल्याकडे बहुतेकांना सामान्यज्ञानाच्या पुस्तकापुरतं माहीत असतं. देशाचे तिसरे आणि पहिले मुस्लिम राष्ट्रपती, १९६३ चे भारतरत्न, पदावर असताना निधन झालेले पहिले राष्ट्रपती. एवढी माहिती परीक्षेत दोन मार्कांना पुरते. पण राष्ट्रपती भवनात ते राहिले जेमतेम दोन वर्षं. त्याआधीची तब्बल बावीस वर्षं त्यांनी एका गरीब, कर्जबाजारी आणि कितीदा तरी बंद पडता पडता वाचलेल्या संस्थेत काढली. ती संस्था म्हणजे जामिया मिल्लिया इस्लामिया. आज तिथे प्रवेश मिळावा म्हणून मराठवाड्यातली मुलंही तयारी करतात. ही संस्था टिकली कशी, हे मात्र फार कमी जणांना ठाऊक आहे.

चाकूर, अहमदपूर, उदगीर या आपल्या भागात विद्यापीठ म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? परीक्षेचा फॉर्म, हॉल तिकीट, निकाल आणि मार्क मेमो. नांदेडच्या विद्यापीठाशी किंवा लातूरच्या उपकेंद्राशी आपलं नातं एवढ्याच कागदांचं. ज्याने तिथे प्रवेश घेतला नाही, त्याने तिथे जायचं तरी कशाला, असंच आपण धरून चालतो. झाकीर साहेबांनी नेमकी हीच समजूत मोडून काढली. ज्याचं नाव हजेरीपटावर नाही त्याच्यासाठीही विद्यापीठाचं दार उघडं राहिलं पाहिजे, हे त्यांनी करून दाखवलं. आणि तेही खिशात पैसा नसताना.

हैदराबादचा जन्म

झाकीर हुसेन आपल्या मुलखापासून दूरचे नव्हते. त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ चा, हैदराबादचा. त्या वेळी चाकूर, लातूर, नांदेड हा सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानातच होता. मूळ घराणं उत्तर प्रदेशातल्या फर्रुखाबाद जिल्ह्यातल्या कायमगंजचं, पठाणांचं. वडील फिदा हुसेन खान वकिलीसाठी हैदराबादेत आले आणि इथे त्यांचा चांगला जम बसला. पण १९०७ साली ते वारले. झाकीर तेव्हा दहा वर्षांचे होते. कुटुंब कायमगंजला परत गेलं. १९११ साली प्लेगच्या साथीत आईही गेली. सात भावांपैकी हा तिसरा मुलगा चौदाव्या वर्षी पोरका झाला.

शिक्षण इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलमध्ये, वसतिगृहात राहून झालं. त्या काळात तुर्कस्तानवर बाल्कन युद्धाचं संकट होतं आणि हिंदुस्थानातला मुस्लिम समाज त्याने हलून गेला होता. दिल्लीचे डॉ. मुख्तार अहमद अन्सारी तर डॉक्टरांचं पथक घेऊन थेट तुर्कस्तानात गेले. हे अन्सारी साहेब पुढे आपल्या गोष्टीत पुन्हा येणार आहेत, म्हणून नाव लक्षात ठेवा.

डॉक्टर व्हायचं म्हणून झाकीर लखनौला विज्ञान शिकायला गेले. तब्येतीने साथ दिली नाही. मग ते अलीगढच्या एमएओ कॉलेजात आले आणि अर्थशास्त्राकडे वळले.

चांगली चाललेली वाट सोडली

ऑक्टोबर १९२० मध्ये गांधीजी आणि अली बंधू अलीगढला आले. सरकारी मदतीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्था सोडा, अशी त्यांची हाक होती. झाकीर हुसेन तेव्हा तेवीस वर्षांचे. एम.ए. चालू होतं, सोबत थोडं शिकवतही होते. अलीगढची पदवी म्हणजे सरकारी नोकरीची खात्री. ती सोडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या छोट्या गटात ते होते. मात्र सोडून जायचं कुठे, हा प्रश्न होताच. म्हणून या मुलांनी नेत्यांकडे स्वतःच्या राष्ट्रीय संस्थेची मागणी केली. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढमध्येच मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते जामिया मिल्लियाची सुरुवात झाली. हकीम अजमल खान तिचे पहिले अमीर-ए-जामिया म्हणजे कुलपती, तर मौलाना मोहम्मद अली पहिले शेख-उल-जामिया म्हणजे कुलगुरू. सुरुवातीला तर वर्ग तंबूत भरायचे.

दोनेक वर्षांनी झाकीर हुसेन जर्मनीला गेले. बर्लिनमध्ये त्यांनी अर्थशास्त्रात डॉक्टरेट केली, विषय होता ब्रिटिशांचं हिंदुस्थानातलं शेतीविषयक धोरण. पण ते नुसत्या प्रबंधाला चिकटून बसले नाहीत. संगीत ऐकलं, नाटकं पाहिली, नव्या पद्धतीच्या शाळा बघितल्या. गांधीजींच्या विचारांवर जर्मनमध्ये पुस्तक काढण्यात हातभार लावला. आणि बर्लिनच्या काव्यानी छापखान्यातून गालिबच्या दीवानची एक देखणी छोटी आवृत्ती काढली. तिच्यासाठी टाइप जुळवण्याचं कामही त्यांनी स्वतः केलं. अर्थशास्त्राचा विद्यार्थी छापखान्यात उभा राहून गालिबची अक्षरं जुळवतोय, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं. एका विषयाची भिंत बांधून तिच्या आत बसणं त्यांना जमलंच नाही. प्लेटोचं ‘रिपब्लिक’ त्यांनी उर्दूत आणलं, अर्थशास्त्राची पुस्तकंही आणली आणि लहान मुलांसाठी गोष्टीही लिहिल्या. त्यातली ‘अब्बू खाँ की बकरी’ उर्दू वाचणाऱ्या घरांत आजही माहीत आहे.

बर्लिनमध्येच त्यांना दोन सोबती भेटले, मोहम्मद मुजीब आणि आबिद हुसेन. तिघांनी ठरवलं की परत जाऊन जामियातच काम करायचं.

पगार नाही, पण शपथ आहे

इकडे जामियाची अवस्था वाईट झाली होती. खिलाफत चळवळ ओसरली, देणग्या आटल्या. संस्था बंद करावी असा विचार सुरू झाला. झाकीर हुसेन यांनी जर्मनीतून कळवलं की आम्ही काही जण आयुष्य द्यायला तयार आहोत, आम्ही येईपर्यंत बंद करू नका. १९२५ साली जामिया अलीगढहून दिल्लीत करोल बागेत भाड्याच्या घरांत आली. १९२६ मध्ये झाकीर हुसेन परतले आणि शेख-उल-जामिया झाले. वय फक्त एकोणतीस.

१९२७ च्या डिसेंबरात हकीम अजमल खान वारले. तेच स्वतःच्या खिशातून आणि ओळखीतून संस्था चालवत होते. आता ते छत्रही गेलं. १९२८ मध्ये शिक्षकांनी एक मंडळ स्थापन केलं, अंजुमन-ए-तालीम-ए-मिल्ली. त्याच्या सभासदांनी शपथ घेतली की वीस वर्षं जामियाची सेवा करू आणि महिन्याला दीडशे रुपयांपेक्षा जास्त कधीच मागणार नाही. झाकीर साहेब स्वतः याहून बरंच कमी घेत. कधी कधी तर तेवढंही मिळायचं नाही. परदेशातून डॉक्टरेट आणलेला माणूस किराणावाल्याची उधारी सांभाळत कुलगुरूपद चालवत होता.

अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? खर्च आवळेल, वर्ग आणि परीक्षा तेवढ्या चालू ठेवेल, बाकी सगळं बंद करेल. जामियाने याच दिवसांत दारं आणखी मोठी उघडली.

दिल्लीसाठी खुली व्याख्यानं

डॉ. अन्सारी आता जामियाचे अमीर होते. तुर्कस्तानातल्या त्यांच्या जुन्या ओळखी कामी आल्या. १९३३ मध्ये रऊफ बे जामियात व्याख्यानं द्यायला आले. हे बाल्कन युद्धात ‘हमीदिये’ या युद्धनौकेमुळे गाजलेले नौदल अधिकारी, आणि पुढे अंकारा सरकारचे पंतप्रधान झालेले गृहस्थ. त्यांच्या व्याख्यानाच्या अध्यक्षस्थानी अल्लामा इक़बाल होते.

१९३५ च्या सुरुवातीला हालिदे एदिब आल्या. तुर्की कादंबरीकार, स्वातंत्र्ययुद्धात आघाडीवर गेलेली बाई, आणि तेव्हा मतभेदामुळे देशाबाहेर राहत असलेली. तुर्कस्तानात पूर्व आणि पश्चिम यांच्यात चाललेल्या ओढाताणीवर त्यांनी व्याख्यानांची मालिका दिली. इतिहास, राजकारण, समाज, संस्कृती सगळं एकाच धाग्यात. एका व्याख्यानाला गांधीजी अध्यक्ष होते. पुढे ही व्याख्यानं जामियाने पुस्तकरूपात काढली. हालिदे यांनीही परत गेल्यावर हिंदुस्थानवर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात जामियातल्या माणसांबद्दल आदराने लिहिलं.

आता हे सगळं नीट डोळ्यांपुढे आणा. संस्थेकडे स्वतःची इमारत नाही, शिक्षकांचे पगार थकलेले. आणि तिच्या मंचावर एक तुर्की लेखिका, मुस्लिम बाई, बोलते आहे. अध्यक्षस्थानी गांधीजी आहेत. समोर दिल्लीचे वकील, हकीम, काँग्रेसवाले, लीगवाले, विद्यार्थी बसले आहेत. विद्यापीठाची पदवी यातल्या कोणालाही नको होती. त्यांना विचार ऐकायचे होते. हा कार्यक्रम घ्यायला लागलं काय? एक पाहुणा, एक सभागृह आणि कोणाला परकं न मानणारा यजमान.

ही व्याख्यानं जामियाच्या कामाचीही होती. सरकारी मान्यता नसलेल्या पदवीला बाजारात किंमत नव्हती. अशा संस्थेची इज्जत तिच्या मंचावर कोण येतं आणि तिथे काय बोललं जातं यावरच ठरणार, हे झाकीर साहेबांना कळत होतं.

मेळा, नाटक आणि रात्रीचे वर्ग

व्याख्यानाला शिकलेला माणूस येतो. न शिकलेल्याचं काय? त्याच्यासाठी जामियाने दुसरे मार्ग काढले. दरवर्षी २९ ऑक्टोबरच्या स्थापनादिनाभोवती तालीमी मेळा भरू लागला. मुलांनी वर्षभर केलेलं काम, तक्ते, वस्तू, बागकाम, दुकानं, वादविवाद, मुशायरा आणि नाटक, असं सगळं त्यात असे. नाटक हा तर जामियाचा खास शौक. आबिद हुसेन आणि मुजीब हे दोघं प्राध्यापक स्वतः नाटकं लिहायचे, शिक्षक आणि विद्यार्थी मिळून ती करायचे. धार्मिक नावाच्या संस्थेत नाटक कसं, असा प्रश्न विचारणारे तेव्हाही होते. झाकीर साहेबांनी वाद घालत बसण्यापेक्षा नाटक चांगलं आणि सभ्य होईल याकडे लक्ष दिलं.

१९३८ मध्ये शफीकुर्रहमान किदवई यांनी प्रौढांच्या शिक्षणासाठी इदारा-ए-तालीम-ओ-तरक्की सुरू केली. दिवसभर राबणाऱ्या माणसांसाठी वर्ग, वाचनालय, सोप्या भाषेतल्या छोट्या पुस्तिका. जामियाचा मक्तबा पुस्तकं छापत होताच, मुलांसाठी ‘पयाम-ए-तालीम’ हे मासिकही निघत होतं. गेर्डा फिलिप्सबॉर्न नावाची एक जर्मन ज्यू बाई, बर्लिनच्या दिवसांतली मैत्रीण, १९३३ च्या सुमारास जामियात आली आणि लहान मुलांच्या कामात रमली. १९४३ साली ती वारली, आणि जामियाच्या कबरस्तानातच तिला जागा मिळाली. हिटलरच्या काळातली ज्यू बाई आणि दिल्लीची मुस्लिम संस्था, हे नातं आजही विचार करायला लावतं.

१ मार्च १९३५ रोजी ओखल्यात जामियाच्या स्वतःच्या इमारतीची पायाभरणी झाली. दिल्लीत मोठ्या नेत्यांची काही कमी नव्हती. पण दगड ठेवायचा मान संस्थेतल्या सगळ्यात लहान विद्यार्थ्याला दिला गेला.

या सवयींची फळं नंतरही दिसली. १९५४ मध्ये हबीब तन्वीर यांचं ‘आग्रा बाज़ार’ हे गाजलेलं नाटक पहिल्यांदा झालं ते जामियातच, उघड्यावर. त्यात विद्यार्थी होते, शिक्षक होते आणि ओखला गावचे रहिवासीही होते. विद्यापीठाच्या नाटकात शेजारचं गाव काम करतं, याला आधीची पंचवीस वर्षं कारण होती. झाकीर साहेब तेव्हा जामियात नव्हते, मुजीब साहेब कुलगुरू होते.

वर्ध्याची परिषद

चाकूरवरून जाणारा नागपूरचा महामार्ग नांदेड, यवतमाळ करत पुढे वर्ध्यावरून जातो. त्याच वर्ध्यात २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली होती. हाताच्या कामातून शिक्षण द्यावं आणि मुलांनी बनवलेल्या वस्तूंतून शाळेचा खर्च निघावा, अशी कल्पना त्यांनी मांडली. बहुतेक जण गांधीजींसमोर मान डोलावत होते. झाकीर हुसेन उठले आणि अदबीने पण स्पष्टपणे त्यांनी शंका मांडल्या. कामातून शिक्षण ही कल्पना इतर देशांतल्या शिक्षणतज्ज्ञांनीही मांडली आहे, हे सांगितलं. कमाईवर जास्त जोर दिला तर मुलं मजूर होतील आणि शिक्षण बाजूला पडेल, हा धोका दाखवला. गांधीजींनी काय केलं? योजना तयार करणाऱ्या समितीचं अध्यक्षपद त्यांनाच दिलं. त्यातून ‘नई तालीम’ची वर्धा योजना निघाली, आणि पुढे सेवाग्रामच्या हिंदुस्थानी तालीमी संघाचे अध्यक्षही झाकीर साहेबच झाले. या योजनेवर मुस्लिम लीगने जोरदार टीका केली. ती त्यांनी सोसली, आणि जामियाचं दार लीगवाल्यांसाठी बंदही केलं नाही.

नोव्हेंबर १९४६

या उघड्या दाराची खरी कसोटी १९४६ मध्ये लागली. जामियाचा रौप्यमहोत्सव एक वर्ष उशिरा, नोव्हेंबरात ठरला. ऑगस्टमध्ये कलकत्त्यात कत्तल झाली होती, त्यानंतर नोआखाली, मग बिहार. दिल्लीतही वातावरण तापलेलं. समारंभ रद्द केला असता तर कोणी नाव ठेवलं नसतं. झाकीर हुसेन यांनी सगळ्यांना बोलावलं आणि सगळे आले. भोपाळचे नवाब हमीदुल्ला खान अध्यक्ष. एका बाजूला जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, राजगोपालाचारी, आसफ अली. दुसऱ्या बाजूला मोहम्मद अली जिना, फातिमा जिना, लियाकत अली खान. एकमेकांशी धड बोलणंही उरलं नव्हतं अशी ही माणसं एका कुलगुरूच्या आमंत्रणावरून एका मंडपात बसली.

झाकीर साहेबांनी जामियाचा पंचवीस वर्षांचा हिशोब मांडला आणि शेवटी नेत्यांकडे वळले. देशात द्वेषाची आग लागली असताना शिक्षणाची बाग कशी फुलणार, असं त्यांनी विचारलं. आग कोणी लावली याची चौकशी नंतर करा, आधी ती विझवा, अशी विनवणी केली. समोर बसलेल्यांचे डोळे पाणावले असं सांगतात. आग विझली नाही, हे आपल्याला माहीत आहे. पण फाळणीच्या आदल्या वर्षी या सगळ्यांना एकत्र बसवून माणुसकीची गोष्ट ऐकवू शकणारी जागा एक शिक्षणसंस्था होती, हेही विसरू नये.

ऑगस्ट १९४७ मध्ये ते स्वतः त्या आगीत सापडले. काश्मीरकडे जाताना जालंधर स्टेशनवर जमावाने त्यांना घेरलं. एका शीख लष्करी अधिकाऱ्याने आणि एका हिंदू रेल्वे अधिकाऱ्याने त्यांचा जीव वाचवला. दिल्लीत परतले आणि निर्वासितांच्या छावण्यांच्या कामाला लागले. त्यांचे भाऊ महमूद हुसेन पाकिस्तानात गेले आणि तिथे मंत्री झाले. दुसरे भाऊ युसूफ हुसेन खान आपल्या हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठात इतिहास शिकवत होते. झाकीर साहेब इथेच राहिले.

अलीगढ ते राष्ट्रपती भवन

१९४८ मध्ये त्यांना अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचं कुलगुरूपद दिलं गेलं. जी संस्था तरुणपणी सोडली होती, तिलाच सावरायला ते परत गेले. फाळणीनंतर अलीगढकडे संशयाने पाहिलं जात होतं, चांगले शिक्षक निघून गेले होते. आठ वर्षांत त्यांनी घडी बसवली, बागा फुलवल्या. गुलाबांवर त्यांचा जीव होता, चंदीगडच्या मोठ्या गुलाबबागेला पुढे त्यांचंच नाव दिलं गेलं. याच काळात डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ शिक्षण आयोगाचे ते सदस्य होते. विज्ञानाच्या मुलाला साहित्य आणि समाज कळावा, कला शाखेच्या मुलाला विज्ञान कळावं, यासाठी सर्वांना सामान्य शिक्षण द्यावं, अशी शिफारस त्या आयोगाने केली. आज नवीन धोरणात आंतरविद्याशाखीय असा जड शब्द आपण ऐकतो, ती गोष्ट तेव्हाच कागदावर आली होती. झाकीर साहेबांनी तर ती कागदाच्या आधीच जामियाच्या मंचावर करून पाहिली होती.

पुढचा प्रवास सगळ्यांना माहीत आहे. १९५७ मध्ये बिहारचे राज्यपाल, १९६२ मध्ये उपराष्ट्रपती, १३ मे १९६७ ला राष्ट्रपती. ३ मे १९६९ रोजी त्यांचा इंतकाल झाला. दफन जामियाच्या आवारातच झालं. आज ती कबर विद्यार्थ्यांच्या रोजच्या वाटेवर आहे.

आपल्यासाठी यात काय?

मराठवाड्यातला मुस्लिम समाज आता शिकतो आहे. मुली तर मुलांच्या पुढे चालल्या आहेत. पण शिक्षण म्हणजे नीट, सीईटी, डी.एड. आणि नोकरी, एवढ्यावर आपण थांबलो आहोत. मोठं व्याख्यान ऐकायचं तर लातूर किंवा नांदेड गाठावं लागतं, आणि तिथेही आपण जातोच असं नाही. शादीखाने आपण बांधले. लग्न नसतं त्या दिवशी तिथे कुलूप असतं.

झाकीर साहेबांकडेही सुरुवातीला भाड्याची घरंच होती. चाकूरसारख्या तालुक्याच्या गावात महाविद्यालयाचं सभागृह आहे, शाळेचं मैदान आहे, शादीखाना आहे. विद्यापीठात शिकवणारी माणसं तास-दीड तासाच्या अंतरावर आहेत आणि आदराने बोलावलं तर येतात. महिन्याला एक खुलं व्याख्यान ठेवता येईल. एकदा शेतीवर, एकदा दखनी भाषेवर, एकदा आरोग्यावर, एकदा इतिहासावर. बायकांसाठी बसायची नीट सोय हवी आणि आमंत्रण मराठी-उर्दू दोन्हींत हवं. गावातले हिंदू, बौद्ध, लिंगायत बांधव पहिल्या रांगेत दिसले पाहिजेत. वर्षातून एकदा मुलांचा मेळा भरवता येईल. एखादं नाटकही करता येईल.

३ मे ला त्यांच्या पुण्यतिथीचे फोटो मोबाइलवर फिरतात. यंदा त्या दिवशी एका गावात तरी शादीखान्याचं कुलूप काढून पहिलं व्याख्यान ठेवलं गेलं, तर मरहूम झाकीर साहेबांची आठवण खऱ्या अर्थाने साजरी झाली असं म्हणता येईल.